वरचे एकतीस पौंड

केरीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे लोरेनला मुलगी बोलायला लागल्यापासून माहीत होतं. तरी घराच्या हप्त्याची गोष्ट तिच्यासमोर काढली, ही चूक लोरेनचीच.

घरावरचं कर्ज त्यांनी जुन्या बँकेकडून नव्या बँकेकडे वळवलं होतं. व्याज उतरलं, आणि डिसेंबरपासून हप्ता महिन्याला एकशे छत्तीस पौंडांनी कमी होणार होता. गुरुवारी तसं पत्र आलं. शुक्रवारी केरीने ते आत्याला फोनवर सांगून टाकलं. आणि रविवारी दुपारी एकच्या ठोक्याला ग्लेनिस नवऱ्याला घेऊन दारात हजर झाली, हातात लिंबाचा केक. ग्लेनिस आपणहून गोड घेऊन आली की ती काहीतरी मागायला आली आहे, हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लोरेनच्या नवऱ्याने, क्लाइव्हने, बहिणीकडे पाहिलं, केकच्या डब्याकडे पाहिलं आणि सुरीला धार लावायला घेतली.

तीन दिवसांत त्या एकशे छत्तीस पौंडांना घरातच दोन धनी झाले होते. क्लाइव्हला कामाचा शुक्रवार सोडायचा होता. एकोणसाठावं वर्ष चालू होतं, आणि चाळीस वर्षं बस डेपोच्या खड्ड्यात उतरून गाड्यांच्या पोटाखाली उभं राहून गुडघे कामातून गेले होते. केरीला आपल्या दोन वर्षांच्या लेकीला, मॅडीला, पाळणाघरात ठेवून अर्धवट सोडलेला नर्सिंगचा कोर्स पुरा करायचा होता. दोघांनी आपापसात वाटणीही करून टाकली होती: या वर्षी केरी, पुढच्या वर्षी शुक्रवार. लोरेनला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, तेच आता ग्लेनिस सांगणार होती.

"गाजरं छान झालीत," ट्रेव्हर म्हणाला. ग्लेनिसचा हा नवरा आयुष्यभर विम्याच्या कचेरीत होता. वाईट बातमी यायच्या आधी जेवून घ्यावं, एवढं शहाणपण त्याने तिथून आणलं होतं.

"बाबांचं पत्र आलंय," ग्लेनिसने सुरुवात केली.

"म्हातारा पत्र लिहायला लागला?" क्लाइव्ह म्हणाला.

"वात्रटपणा करू नकोस. वृद्धाश्रमाचं पत्र. दर वाढलाय. नगरपालिका तिचे ठरलेले तेवढेच देणार. वरचे नातेवाइकांनी भरायचे. आठवड्याला आणखी एकतीस."

"वाईट झालं."

"शुक्रवारपर्यंत कुणी सही केली नाही, तर त्यांना ब्लॅकपूलच्या मागच्या एका आश्रमात हलवणार. मी बघून आलेय ती जागा. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो, बाकी काही नाही. इथे निदान नदीचं तोंड दिसतं, सगळे त्यांना नावाने ओळखतात." ग्लेनिसने काटा खाली ठेवला. "चार वर्षं झाली, वरचे पंचवीस मी भरतेय. एकटी. तुला एक शब्द बोलले नाही, कारण तुमची ओढाताण दिसत होती. आता तुमचा हप्ता कमी झालाय."

क्लाइव्हने मान वळवून मुलीकडे पाहिलं. केरी मॅडीच्या ताटातला बटाटा उगाचच बारीक करत राहिली.

"झालाय," क्लाइव्ह म्हणाला. "आणि नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. भाजी घे."

"आत्या, मी एक बोलू?" केरी म्हणाली. "आजोबांना वाऱ्यावर सोडा असं कुणी म्हणत नाही. पण ते शहाऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना खिडकीतून काय दिसतं याच्यासाठी मी आणखी दोन वर्षं घरात बसायचं? एकदा नर्स झाले की मीच भरीन की."

"तू नर्स होईपर्यंत ते असतील का, बाळा?"

"मग भांडण कशाला?" क्लाइव्ह म्हणाला.

लोरेनने नवऱ्याकडे पाहिलं. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात क्लाइव्ह कधी कुणाला टाकून बोलला नव्हता. शेजारणीचं मांजर गाडीखाली आलं तर स्वतःच्या कोटात गुंडाळून नेणारा माणूस. फक्त बापाचं नाव निघालं की त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं. आश्रमात बापाला, विल्फला, ठेवून चार वर्षं झाली. त्यात क्लाइव्ह दोनदा गेला होता. एकदा खुर्ची पोचवायला, एकदा ग्लेनिस आजारी होती म्हणून सही करायला.

लोरेन मात्र दर मंगळवारी आणि गुरुवारी जायची. लोण्यात मुरवलेली बारीक कोळंबी न्यायची, सासऱ्याची नखं कापायची. लोकांना त्याचं नवल वाटे, कारण विल्फ थ्रेलफॉल म्हणजे गोड बोलणारा माणूस नव्हे. पण केरीच्या आधी लोरेनची दोन मुलं पोटातच गेली होती. दुसऱ्या वेळी ती तीन आठवडे अंथरुणातून उठली नाही. तेव्हा हा म्हातारा रोज सकाळी यायचा, स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलायचा, गाळलेला चहा तिच्या दाराशी ठेवायचा आणि एक अक्षर न बोलता निघून जायचा. सख्ख्या आईला जे जमलं नाही ते त्याने केलं होतं.

"क्लाइव्ह," ती म्हणाली, "भरू या आपण."

सुरी थांबली. "तूसुद्धा?"

"केरीचं एक वर्ष पुढे जाईल. तुझा शुक्रवारही जाईल. पण म्हाताऱ्या माणसाला या वयात उचलून दुसरीकडे टाकलं तर तो टिकत नाही. मी पाहिलंय तिथे."

"आई!" केरी म्हणाली.

"घ्या," क्लाइव्ह हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "नणंद-भावजयीचं कधी नव्हे ते जमलं. आणि कुणावरून, तर त्या माणसावरून."

"त्या माणसाने तुझं काय घोडं मारलंय रे?" ग्लेनिसचा आवाज चढला. "तुझ्यावर कधी हात उगारला? तुला बोटीवर पाठवलं? तुला सुखाने बस डेपोत चिकटू दिलं. तुला काय कमी पडलं?"

"मला नाही पडलं."

"मग?"

"बॅरी," क्लाइव्ह म्हणाला.

ट्रेव्हरने हळूच काटा-सुरी ताटात ठेवली. या घरात बॅरीचा फोटो जिन्यात होता, त्याची धूळ पुसली जायची, पण नाव कुणी घेत नसे. लोरेनला माहीत होतं ते इतकंच: क्लाइव्हच्या पाठचा भाऊ, सोळा वर्षांचा. बाप मासेमारीच्या ज्या ट्रॉलरवर मुकादम होता, तिच्यावरच त्याला शिकाऊ म्हणून लावला. पहिल्या खेपेवरून पोरगं हातांना खाऱ्या पाण्याचे फोड घेऊन आलं, आणि मी परत जाणार नाही म्हणालं. तीन दिवसांनी, सकाळच्या भरतीला बोट सुटायच्या वेळी ते घरात सापडेना. बापाने शोधून काढलं, गळपट्टी धरून धक्क्यावर नेलं. चौथ्या दिवशी आइसलँडच्या खालच्या समुद्रात एका लाटेने त्याला डेकवरून नेलं. त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली होती.

"बॅरीचं मला सांगतोस?" ग्लेनिस म्हणाली, आणि तिचा आवाज अचानक खाली आला. "त्याला लपवलं कुणी होतं? मी. मागच्या धुण्याच्या खोलीत, मोठ्या टबाच्या मागे. माझ्या अंगावरची शाल दिली, पाव नेऊन दिला. म्हटलं, बोट गेली की ये बाहेर. बाबांचा राग धरायचा पहिला हक्क माझा आहे, क्लाइव्ह, तुझा नाही. आणि मी धरला. वीस वर्षं धरला. आई तर मरेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. एका घरात राहून अकरा वर्षं! पण एक गोष्ट मी बाबांच्या पदरात टाकते. त्यांनी टाळाटाळ केली नाही. आईच्या तोंडावर सांगितलं, मीच शोधला, मीच नेला. म्हणून शेवटी मला माफ करता आलं."

क्लाइव्हने सुरी मांसाच्या तुकड्याशेजारी ठेवली.

"त्याने शोधला नाही," तो म्हणाला.

"काय?"

"म्हाताऱ्याने बॅरीला शोधला नाही. मी सांगितलं."

मॅडीने चमचा खाली टाकला. केरीने तो उचलला नाही.

"तू शाल घेऊन जाताना मी वरच्या खिडकीतून पाहिलं होतं. बाबा आले माझ्या खोलीत. टॅक्सी दाराशी उभी होती. म्हणाले, बोटीवर एक माणूस कमी आहे. तो नाही मिळाला, तर तू चल. बूट घाल." क्लाइव्हने हाताचा तळवा टेबलावर पालथा ठेवला आणि त्याच्याकडे बघत बोलत राहिला. "ओरडले नाहीत. नुसते माझे बूट उचलून पलंगावर ठेवले. आणि मी खाली धुण्याच्या खोलीकडे बोट दाखवलं. बोललोसुद्धा नाही. बोट दाखवलं."

"सतरा वर्षांचा होतास रे तू," लोरेनच्या तोंडून गेलं.

"तो सोळाचा होता."

ग्लेनिस उठली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला तेवढाच. तिने पर्स घेतली, खुंटीवरचा कोट काढला, आणि एक बाही चढवता चढवता थांबली.

"आई गेली तेव्हा तू उशाशी होतास," ती म्हणाली. "तिचा हात तुझ्या हातात होता. मला म्हणाली, तुझ्या बापाने माझं सगळं नेलं, पण क्लाइव्ह मऊ मनाचा आहे, त्याला जप. मी जपलं. पंचवीस भरले, तुझी ओढाताण होते म्हणून. आणि तू अकरा वर्षं तिला तिच्या नवऱ्याचा तिरस्कार करू दिलास."

"हो."

"एक शब्द बोलला असतास तर—"

"माहीत आहे."

"काही माहीत नाही तुला." तिने दुसरी बाही चढवली. "माझे पंचवीस मी भरीन. बाबांसाठी. तुझे तू भर, नको भरू, तुझं तू बघ. मला तुझं तोंड बघायचं नाही."

ट्रेव्हर तिच्या मागे गेला. दाराशी वळून लोरेनला म्हणाला, "डबा राहू दे," आणि दार ओढून घेतलं.

सोमवारभर क्लाइव्ह लोरेनशी बोलला नाही. तिला राग आला होता का? ती भांडी घासताना स्वतःलाच विचारत होती. राग नव्हता. जिन्यातून वर जाताना फोटोपाशी तिचं पाऊल अडखळत होतं, इतकंच. इतकी वर्षं तिला वाटायचं, क्लाइव्ह बापाकडे जात नाही कारण बापाने भावाला मारलं. आता कळत होतं की तो बापाच्या समोर उभा राहू शकत नव्हता, कारण सगळ्या जगात तो एकच माणूस खरं काय ते जाणत होता.

मंगळवारी ती कोळंबीची वाटी घेऊन गाडीपाशी आली, तर क्लाइव्ह आधीच आत बसलेला. डेपोत आजारी असल्याचं कळवून आला होता.

"चल," तो म्हणाला. "आधी सांगितलं असतं तर माझाच पाय मागे फिरला असता, म्हणून नाही सांगितलं."

विल्फ त्याच्या खोलीत खुर्चीत बसला होता. समोर टीव्हीवर आवाज बंद करून घोड्यांच्या शर्यती चालल्या होत्या. मुलाला पाहून त्याने भुवया वर केल्या.

"कोण मेलं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही," लोरेन म्हणाली. "तुम्हाला भेटायला आलाय."

"मग पैशाचं असणार. ऐक, मला हलवताहेत ते मला ठाऊक आहे. हलवू दे. मला काय, इथून थेट वरच जायचंय, कुठून का जाईना."

"ग्लेनिसला सांगितलं मी," क्लाइव्ह म्हणाला.

"काय?"

"ग्लेनिसला सांगितलं!"

"मोठ्याने बोल. यंत्र काढून ठेवलंय, शिट्टी मारतं."

लोरेनने कानाचं यंत्र शोधलं. त्याची बॅटरीच संपलेली होती. तेव्हा तिने उठून दार लावलं. जी गोष्ट रविवारपर्यंत एक्केचाळीस वर्षं कुणाच्या कानावर पडली नव्हती, ती तिच्या नवऱ्याला ओरडून सांगावी लागली. "बॅरी कुठे आहे ते मी तुम्हाला दाखवलं! ते ग्लेनिसला सांगितलं!"

म्हाताऱ्याचा चेहरा हलला नाही. टीव्हीवर घोडे वळणावर आले होते. ते वळण संपेपर्यंत तो बघत राहिला.

"कशाला सांगितलंस, मूर्खा?" तो म्हणाला. "इतकी वर्षं मी तोंड शिवून बसलो, ते काय हौस म्हणून?"

"तुम्ही आईला का नाही सांगितलंत?"

"तिचा एक गेला होता. तुझं नाव घेतलं असतं, तर दोन गेले असते. माझं काय? मी तसाही तीन आठवडे समुद्रावर आणि तीन दिवस घरात. माझ्यावर राग धरणं तिला सोपं होतं." त्याने नाक पुसलं. "आणि तुला विचारायची माझी रीत... तसं विचारल्यावर कुणीही बोललं असतं. ते सोड."

क्लाइव्ह खाली वाकला, बापाच्या गुडघ्यांपाशी, आपल्या मोडक्या गुडघ्यांवर. लोरेनला वाटलं तो पाय धरतोय की काय. पण त्याला फक्त कानापाशी जायचं होतं.

"त्याला कळलं होतं का?" त्याने विचारलं. "बॅरीला. मी दाखवलं ते?"

विल्फने रिमोटने टीव्ही बंद केला. हे त्याने कधीच केलं नव्हतं. लोरेन कितीही वेळ बसली तरी घोडे धावतच असायचे.

"टॅक्सीत विचारलं त्याने. कुणी सांगितलं म्हणून. मी म्हटलं, कुणी नाही. तू खोकलास, ते मला ऐकू आलं."

क्लाइव्हने डोळे मिटले. "मग काय म्हणाला?"

"काही नाही." म्हातारा खिडकीकडे बघत होता, नदीच्या तोंडाशी ओहोटीचा चिखल उघडा पडला होता. "पण पोराला खोकला होताच. छातीत भरलेला. तर चार दिवस तो दाबत होता. जेवताना, झोपताना. लोकरी हातमोज्याचा हात तोंडावर धरून. मी म्हटलं, अरे खोक की, आता कोण धरायला येतंय तुला. नाही खोकला. शेवटपर्यंत नाही खोकला."

बाहेर कुणीतरी चहाची गाडी ढकलत नेली. मग क्लाइव्ह खुर्चीचा हात धरून उठला, आणि उठताना त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की लोरेनने कोळंबीची वाटी खिडकीत ठेवून त्याचा दंड धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही.

खाली कचेरीत त्याने सही केली. तिथल्या बाईने विचारलं, दर आठवड्याला की महिन्याचे एकदम. "महिन्याचे," क्लाइव्ह म्हणाला. ज्या तारखेला हप्ता जातो, तीच तारीख त्याने घातली.

परत येताना तो मध्येच म्हणाला, "खोकल्याचं ग्लेनिसला नको कळायला. तिनेच त्याला तिथे लपवलं होतं. थंडीत." लोरेनने मान डोलावली. घरी पोचल्यावर त्याने डेपोत फोन केला आणि यापुढेही दर शुक्रवारी आपण येणारच आहोत, असं सांगून टाकलं. केरी मॅडीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला काही सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानात गल्ल्यावर माणसं हवी आहेत, उद्या विचारून येते. आणि वर गेली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यात नेहमीपेक्षा जोरात आला.

संध्याकाळी सहाला फोन वाजला. क्लाइव्ह समोर बसला होता, तो हलला नाही. लोरेनने उचलला.

"लोरेन, तुझ्याशीच बोलायचंय," ग्लेनिस म्हणाली. तिचा आवाज रडून रडून जाड झाला होता. "आश्रमातून कळलं, तो आला होता म्हणे. सही करून गेला."

"हो."

"बाबांशी बोलला? बॅरीचं?"

"बोलला."

"मग बाबा काय म्हणाले? मला खरं सांग. बोटीवर गेल्यावर पोर काही म्हणालं होतं का? आपल्याला कधी कुणी काही सांगितलंच नाही गं. चार दिवस होता ना तो जिवंत."

क्लाइव्हने मान वर करून बायकोकडे पाहिलं. लोरेनने फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली.

"काही नाही म्हणाला," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, चांगला होता. पोटभर जेवायचा. रात्री शांत झोपायचा."

पलीकडे नाक पुसल्याचा आवाज आला.

"झोपायचा ना?" ग्लेनिसने विचारलं.

"झोपायचा," लोरेन म्हणाली.